बॉल पायथन खात नाहीये: जेवण बदलू की घर तपासू?

निळाई, मँचेस्टर (८ डिसेंबर)

नमस्कार मंडळी. कुत्र्या-मांजरांवर इथे भरपूर धागे आहेत, सापावर एकही दिसला नाही, म्हणून हा नवा काढते आहे.

आमच्याकडे सप्टेंबरअखेरीपासून एक बॉल पायथन आहे. इकडे दुकानांत रॉयल पायथन म्हणून मिळतो तोच. नवऱ्याच्या ऑफिसातले एक सहकारी नोकरी सोडून मायदेशी परतले. साप बरोबर नेणं त्यांना जमणार नव्हतं आणि आमच्या लेकीचा (वय १३) त्याच्यावर फार जीव. दोन वर्षांचा नर आहे, नाव खारीक. काचेची टाकी, दिवा, पाण्याचं भांडं, सगळं त्यांच्याकडूनच आलं.

आल्यावर एकदा खाल्लं, ऑक्टोबरच्या मध्यापासून मात्र तोंड लावलेलं नाही. उंदीर गोठवलेलेच आणतो. घर शाकाहारी, त्यामुळे गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीज-फ्रीझर घेतला आहे. वितळवायचं भांडं, चिमटा तिथेच. उंदीर समोर धरला की तो मान मागे घेतो आणि वेटोळ्यात डोकं खुपसतो. लेक अगदी रडकुंडीला आली आहे. दिवाळीनंतर साताऱ्याहून सासूबाई आल्यात, त्या रोज सकाळी विचारतात, "खाल्लं का गं त्यानं?"

थंडीमुळे असं होतं का? जिवंत उंदीर देऊन बघावा का? किती दिवस वाट पाहायची? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

डोंगरवारा, ब्रिस्टल

निळाई ताई, आधी धीर धरा. उपाशी राहण्यात बॉल पायथनचा हात कुणी धरत नाही. मोठा नर तर हिवाळ्यात, विणीच्या हंगामात, महिनोन्महिने खात नाही आणि तरी ठणठणीत असतो.

पण तुमचा साप नुकताच जागा बदलून आलेला आहे, म्हणून हंगामावर ढकलून मोकळं होऊ नका. माझ्याकडे "खात नाही" म्हणून ज्यांची विचारणा येते त्यातल्या बहुतेकांचं दुखणं सापाच्या राहण्याच्या जागेत सापडतं. ती नीट झाली की तो त्याच उंदरावर झडप घालतो. म्हणून उंदराचं शेवटी बघू. आधी हे मोजून सांगा:

टाकी केवढी? तळाशी, म्हणजे साप जिथे पोट टेकतो तिथे, गरम बाजूला आणि गार बाजूला तापमान किती? पहाटे किती उतरतं? दमटपणा किती टक्के? लपायच्या जागा किती आणि कुठे? घेतलं तेव्हाचं वजन आणि आजचं? उंदीर केवढा, आणि चिमट्यात धरताना तो कितपत गरम असतो?

काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका. तो भिंतीवरच्या हवेचं मोजतो, आणि तेही चार-पाच अंश इकडेतिकडे. वायर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या आणि जमलं तर पृष्ठभाग मोजायची इन्फ्रारेड गन.

निळाई

धन्यवाद! सगळं आणून मोजलं. आकडे बघून मलाच काळजी वाटायला लागली आहे.

टाकी ९० सेंमी लांब, वर जाळीचं झाकण. जाळीवर लाल बल्ब, तो रात्रंदिवस चालू. एका टोकाला काचेखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), ती थेट प्लगमध्ये. मॅटच्या वरची काच ४१ अंश. दुसऱ्या टोकाला दुपारी २३, पहाटे सेंट्रल हीटिंग बंद असताना १९. दमटपणा ३१ टक्के. लपायला अर्ध्या ओंडक्याची एक कमान, दोन्ही बाजूंनी उघडी. तो तिच्यात बसतच नाही, पाण्याच्या भांड्यामागे काचेला चिकटून असतो. टाकी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी.

वजन आलं तेव्हा ७८० ग्रॅम, आज ७४२. उंदीर म्हणजे मोठा माऊस (लहान जातीचा उंदीर), खोलीच्या तापमानाला वितळवून लगेच धरतो.

डोंगरवारा

उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. जरा सविस्तर लिहितो, पुढे कुणाला शोधताना उपयोगी पडेल.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन इथून त्याची निर्यात वर्षानुवर्षं चालू आहे. गवताळ माळ आणि शेतांच्या कडेला राहतो, आणि दिवस काढतो तो जमिनीखाली: उंदरांनी खणलेल्या बिळात, ओस पडलेल्या वारुळात. तिथे अंधार असतो, हवा दमट असते, ऊन वरून झिरपत आलेलं असतं आणि भिंती अंगाला चारी बाजूंनी लागतात. रात्री बाहेर पडतो, नाहीतर बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसतो. आता खारीकची टाकी बघा. चारी बाजूंनी काच, समोर टीव्ही, रात्रभर दिवा, एका टोकाला चटका आणि दुसऱ्या टोकाला गारठा. भांड्यामागे बसतो म्हणजे जीव मुठीत धरून बसतो. असा साप शिकारीच्या मागे लागत नाही, कारण शिकार गिळताना तो पूर्णपणे असुरक्षित असतो. आणि पोटात अन्न घेतलं तरी ते पचवायला अंगात ऊब लागते. १९ अंशांत ते आतल्या आत कुजू शकतं. त्याचं न खाणं सध्या त्याच्या भल्याचंच आहे.

आज रात्रीच करा: मॅट बंद. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, मॅट लावायची नाही म्हणजे नाही. सापाला पोटाखालच्या उष्णतेचा चटका वेळेवर कळत नाही, तो भाजेपर्यंत बसून राहतो. लाल बल्बही रात्री नको; दिवसाला दिवस आणि रात्रीला रात्र राहू द्या, बारा-बारा तास. टाकीच्या तीन बाजू बाहेरून पुठ्ठ्याने झाका. जाळीचा बराचसा भाग झाकून दमटपणा आत धरा, दिवा-हीटरजवळचा भाग सोडून. रात्रीपुरतं ती खोली गरम ठेवा.

या आठवड्यात: दोन बंद गुहा, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, दोन्ही अगदी सारख्या. सारख्या अशासाठी, की ऊब आणि सुरक्षितता यांतून त्याला एक निवडायला लागू नये. तोंड एकच, आणि आत वेटोळं घातल्यावर पाठ छताला लागली पाहिजे. ऐसपैस गुहा माणसाला आवडते, या सापाला नाही. बाजारातली प्लास्टिकची गुहा चालते, पालथी कुंडी कड फोडून आणि घासून ठेवलीत तरी चालते.

तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा काथ्याचा भुसा, निदान सात-आठ सेंमी थर. वर्तमानपत्रावर साप मरत नाही, पण त्यात दमटपणा टिकत नाही आणि त्याला खुपसायला काही मिळत नाही. देवदार, पाइन यांचा भुसा कधीही घालू नका, त्यातलं तेल सापाच्या फुप्फुसाला त्रास देतं.

तापमानाचं लक्ष्य: गरम गुहेच्या तळाशी ३१ ते ३२, गार बाजूला २४ ते २६, रात्री २२ च्या खाली नको. दमटपणा ५५ ते ७० टक्के, कात टाकताना थोडा जास्त. पाणी वरून शिंपडत बसण्यापेक्षा कोपऱ्यातून थरात ओता. खालून ओल, वरून कोरडं. वरचा थर सतत चिंब राहिला तर पोटाचे खवले सडतात.

आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत घर बदला. १२० × ६० × ६० सेंमीचं लाकडी किंवा पीव्हीसीचं व्हिवेरियम, समोर सरकत्या काचा. आत छताला सिरॅमिक हीटर, त्याभोवती जाळीचा पिंजरा (साप हीटरला विळखा घालतो आणि भाजतो), आणि पल्स थर्मोस्टॅट. उजेडाचा बल्ब गरम करायला वापरलात तर डिमिंग थर्मोस्टॅट. मँचेस्टरच्या हिवाळ्यात काचेच्या टाकीत ऊब आणि ओल दोन्ही टिकवायची म्हणजे रोजची झटापट आहे, लाकडात ती आपोआप टिकतात.

हे सगळं झालं की आठवडाभर उंदीर दाखवायचाच नाही. हातातही घ्यायचं नाही. लेकीला सांगा, पाणी बदलायचं आणि निघून यायचं.

डॉ_मुक्ता, लेस्टर

मी इथे प्राण्यांची डॉक्टर आहे, सरपटणारे प्राणी माझ्याकडे नेहमी येतात. डोंगरवारा यांचं सगळं बरोबर आहे, वैद्यकीय बाजू जोडते.

निळाई, ४१ अंश ऐकून आधी मनात आलं ते पोट. एकदा हलकेच उचलून पोटाचे रुंद खवले पाहा. तपकिरी किंवा लालसर डाग, फोड, ओलसरपणा असेल तर थांबू नका, दाखवा. भाजल्याची जखम सापात सुरुवातीला किरकोळ दिसते आणि खाली खोल गेलेली असते. मग तोंड: मिटलेल्या ओठांच्या कडेला लाळेचे बुडबुडे, तोंड उघडं ठेवून किंवा मान वर करून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज. गारठ्यात राहिलेल्या पायथनला फुप्फुसाचा संसर्ग लवकर होतो आणि त्याला घरगुती उपाय नाही. पाण्याच्या भांड्यात बुडालेले काळे ठिपके दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे.

वजन ७८० चं ७४२ म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. घाबरण्यासारखं नाही. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. १० टक्के उतरलं, म्हणजे ७०० च्या आसपास आलं, की विष्ठा घेऊन व्हेटकडे या. पाठीचा कणा धारेसारखा वर दिसायला लागला तर त्याआधीच.

जिवंत उंदराबद्दल: नको, आणि न खाणाऱ्या सापाला तर अजिबात नको. भुकेला नसलेला साप उंदराला मारत नाही, आणि कोंडलेला उंदीर सापाला कुरतडतो. पाठीवर कण्यापर्यंत कुरतडलेले साप मी पाहिलेत. उंदराचे हाल होतात ते वेगळेच. या देशात २००६ चा प्राणी कल्याण कायदा आहे, त्यात पाळणाऱ्यावर जबाबदारी येते: योग्य जागा, योग्य आहार, नैसर्गिक वागायला वाव, दुखण्यापासून संरक्षण. साप त्यातून वगळलेले नाहीत.

सासूबाई घरात आहेत म्हणून आणखी एक. सापाच्या अंगावर साल्मोनेला (माणसाला जुलाब-ताप आणणारा जिवाणू) असू शकतो, आणि गोठवलेल्या उंदरांतूनही तो घरात येतो. ब्रिटनमध्ये अशा उंदरांमुळे माणसांना लागण झाल्याची साथ नोंदली गेलेली आहे. गोठवल्याने तो मरत नाही. तुमचा फ्रीझर, भांडी, चिमटा वेगळे आहेत हे फार छान. किचनच्या सिंकमध्ये यातलं काहीही धुऊ नका, साप हाताळल्यावर साबणाने हात, आणि पाच वर्षांखालची मुलं आणि वयस्कर माणसं यांनी हाताळणं टाळावं.

गोदाकाठ, ह्यूस्टन

इथे टेक्सासमध्ये माझ्याकडे पाच बॉल पायथन आहेत. डोंगरवारा, एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. चार फुटी घर म्हणजे साप आणखी घाबरणार. इथले ब्रीडर झाडून सगळे प्लास्टिकच्या डब्यात, रॅकमध्ये ठेवतात. अंधार, ऊब, दमटपणा सगळं पक्कं. असे साप वेळच्या वेळी खातात, अंडी घालतात. माझा एक रुसलेला साप डब्यात टाकला आणि दुसऱ्या आठवड्यात खायला लागला. तेव्हा निळाई ताई, महागडं व्हिवेरियम घेण्याआधी ४० लिटरचा डबा वापरून बघा.

डोंगरवारा

गोदाकाठ, तुमचा साप डब्यात का खायला लागला ते तुम्हीच लिहिलंय: अंधार, ऊब, दमटपणा. हे तीन मोठ्या घरातही देता येतात. मोठं आणि रिकामं घर वाईट, हे शंभर टक्के मान्य. मोठं आणि भरलेलं घर वेगळं. तळाला पालापाचोळा, कॉर्कच्या सालीचे नळकांडे, खोट्या वेली, दोन्ही गुहांमधून आडोशाआडोशाने जाता येईल अशी वाट. असं केलं की साप रात्री बाहेर पडतो, फांदीवर चढतो, अंग सरळ लांब करतो. बॉल पायथन चढत नाही असं लोक म्हणत आले, कारण कुणी त्याला चढायला काही दिलंच नव्हतं. माझी मादी रात्री अकराच्या सुमारास वरच्या फळीवर जाऊन बसते.

खाणं आणि वीण एवढ्यावरून प्राण्याचं बरं चाललंय असं ठरवायला माझं मन घेत नाही. आजारी सापाला, नवीन आलेल्या पिल्लाला तात्पुरता डबा, याला माझी हरकत नाही. वीस-तीस वर्षं जगणाऱ्या जिवाला आयुष्यभर ड्रॉवरमध्ये ठेवायला आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली तेव्हा तिचं वय ६२ च्या घरात असल्याचा अंदाज होता. एवढा काळ अंग सरळ करता न येणाऱ्या जागेत काढायचा, याचा विचार करा.

गोदाकाठ

फळीचं माहीत नव्हतं. सगळ्यात मोठ्या नराला चार फुटीत हलवून बघतो, आधी भरपूर आडोसा घालून.

सुलभा_सांगली

साप या विषयातलं मला फार कळत नाही, पण वाचायला घेतलं आणि उठवेना. आमच्या लहानपणी नागपंचमीला गारुडी दारात यायचा आणि नाग दूध प्यायचा, हे डोळ्यांनी पाहिलंय. हा आजारी आहे तर पातळ दूध चालणार नाही का?

कात्रजचा_विनय, पुणे

सुलभाताई, तुम्ही पाहिलं ते खरंच घडलेलं आहे, पण त्यामागचं कारण वाईट आहे. पंचमीच्या आधी नागाला दिवसचे दिवस पाण्याविना ठेवलं जायचं. तहानेने कासावीस झालेला जीव समोर येईल ते द्रव पितो. दूध पचवण्याची सोय सापाच्या शरीरात नाही. आतडी बिघडतात, आणि घाईत ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात संसर्ग होऊन तो मरतो. बरेचदा दातही काढलेले असायचे, त्या जखमा चिघळायच्या. तुमच्याच जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला तो जिवंत नाग पकडण्यावरूनच. साप पूर्ण मांसाहारी आहे. त्याला हवं ते सावज, अख्खं, हाडा-केसांसकट, आणि साधं स्वच्छ पाणी.

पुण्यात आमच्या पिढीला हे कळलं ते नीलिमकुमार खैरे यांच्यामुळे. १९८० मध्ये ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले होते, साप उगाच चावत नाही हे लोकांना दाखवायला. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. शाळेच्या सहलीत तिथे पहिल्यांदा धामण जवळून पाहिली, तिथूनच मी या वाटेला लागलो.

मनाली_प

विनय दादा, मग पुण्यात असा साप पाळता येतो का? माझा मुलगा दहावीनंतर काय हवं तर हेच म्हणतोय. धामण तर बिनविषारी असते ना?

कात्रजचा_विनय

धामण नाही, दिवड नाही, अजगर नाही, मांडूळ नाही. भारतातला कोणताही साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे, मग तो बिनविषारी असो की अंगणात आपोआप आलेला असो. घरात साप निघाला तर वनखात्याला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवायचं, आणि तो परत निसर्गात जातो.

परदेशी सापांचं वेगळं आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यात सायटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) या करारातल्या परदेशी प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली. बॉल पायथन सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तो तिच्यात येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते. जन्म, हस्तांतर, मृत्यू, सगळं कळवावं लागतं. तेव्हा कागद नसलेला साप कुणी देत असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. यातले बरेच चोरट्या वाटेने येतात. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बिस्किटांच्या पुड्यांतून आणलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पकडले गेले होते. अशा प्रवासात किती मरत असतील, विचार करा.

माझ्या ओळखीत एका घरी नोंदणी केलेला बॉल पायथन आहे. त्यांची अडचण निळाई ताईंच्या उलट. डिसेंबर-जानेवारी सोडला तर पुण्यात हीटर फारसा लागत नाही, आणि मे महिन्यात खोली ३८-३९ वर जाते. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, खोली गार करत नाही. सलग ३५ च्या वर तापमान राहिलं तर बॉल पायथन दगावू शकतो. त्यांनी घर उत्तरेच्या खोलीत, फरशीलगत ठेवलंय, मातीची जाड गुहा आहे, आणि उन्हाळ्यात दुपारी एसी लागतोच. वीज गेली तर इन्व्हर्टर. हा खर्च वर्षानुवर्षांचा आहे, मुलाशी यावर आधी बोला. साप पंचवीस वर्षं जगला तर त्यातली बरीच वर्षं मुलगा शिकायला, नोकरीला बाहेर असेल आणि उंदीर तुम्ही वितळवत असाल.

मनाली_प

हे सगळं त्याला वाचायला दिलं. सध्या कात्रजला जाऊन तिथल्या लोकांशी बोलायचं ठरलंय. मनापासून धन्यवाद.

निळाई (११ जानेवारी)

मंडळी, खारीक जेवला!

क्रमाने सांगते. पोटावर दोन फिकट तपकिरी डाग होते, लगेच व्हेटकडे नेलं. वरवरचं भाजलेलं निघालं, मलम दिलं, आता नवे खवले दिसताहेत. व्हिवेरियम कुणीतरी वापरलेलं मिळालं, नवऱ्याने ते घासून, जंतुनाशकाने पुसून, सांधे सिलिकॉनने बंद करून दिलं आणि वास जाईपर्यंत उघडं ठेवलं. दोन सारख्या गुहा, काथ्याचा जाड थर, सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट. जागा टीव्हीपासून काढून वरच्या मजल्यावर, जिथे फारशी ये-जा नाही. दमटपणा आता ६२-६५ वर स्थिर आहे. दुसऱ्याच रात्री तो भांड्यामागून उठून गरम गुहेत गेला, आणि लेकीने दारातूनच बघून टाळी दाबली.

खायला घालताना डोंगरवारा यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं केलं. या वेळी माऊस न आणता ५० ग्रॅमचा रॅट (मोठ्या जातीचा उंदीर). रात्रभर फ्रीजमध्ये (गॅरेजच्याच), मग पिशवीत घालून गरम पाण्यात, पाणी दोनदा बदलून. गनने बघितलं, डोकं ३९ अंश. खोलीतला दिवा मालवला, फक्त जिन्यातला उजेड. लांब चिमट्याने रॅट गुहेच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला आणि हलवायचा म्हणून किंचितच हलवला.

आधी फक्त जीभ दिसली. वर-खाली, सावकाश, मग थोडी भरभर. मग नाक बाहेर आलं, आणि वरच्या ओठावरचे ते बारीक खड्डे, ज्यांनी त्याला ऊब कळते, पहिल्यांदा इतके नीट दिसले. मान इंग्रजी एसच्या आकारात मागे गेली. मी श्वास रोखलेला. झडप कधी पडली ते कळलंच नाही. चिमटा हिसकला आणि रॅटभोवती तीन वेढे. दहा मिनिटं तसाच धरून होता. मग डोकं शोधलं, आणि जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी बाजू पुढे, असं करत गिळून टाकला. शेवटी शेपटी ओठांतून लोंबत होती. गिळून झाल्यावर दोन मोठ्या जांभया, जबडा जागेवर बसवायला.

सासूबाई जिन्यात उभ्या राहून सगळं बघत होत्या. आयुष्यभर अंडंही न शिवलेल्या त्या बाईंनी खाली येऊन आधी देवापुढे साखर ठेवली.

आता पुढचं विचारते. किती दिवसांनी द्यायचं? लेक म्हणते वजन भरून काढायला आठवड्यातून दोनदा देऊ. आणि एप्रिलमध्ये आम्ही तीन आठवडे भारतात जातोय, त्याची सोय कशी करायची?

डॉ_मुक्ता

किती बरं वाटलं वाचून! दोनदा मुळीच नको. उपासानंतर पचनसंस्था मंद असते, लादलं की ओकतो, आणि ओकणं सापाला फार महागात पडतं, घसा आणि अन्ननलिका आम्लाने भाजते. तसं झालंच तर दोन आठवडे काही न देता मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं सावज. जेवल्यानंतर निदान ४८ तास हात लावायचा नाही, पोटाचा फुगवटा दिसत असेल तर त्याहून जास्त.

त्याच्या वयाला दर बारा-चौदा दिवसांनी वजनाच्या पाच ते सात टक्के. किलोच्या वर गेला की तीन-चार आठवड्यांनी पाच टक्के पुरे. घरात वाढलेल्या बॉल पायथनमध्ये उपासमारीपेक्षा लठ्ठपणा मला जास्त दिसतो. अंग वरून गोलसर त्रिकोणी असावं, कणा हाताला लागावा पण डोळ्याला टोचू नये. वेटोळं घातल्यावर खवल्यांमधली कातडी दिसत असेल तर तो लठ्ठ आहे.

डोंगरवारा

अभिनंदन, आणि लेकीचं जास्त. तिने महिनाभर हात आवरला, हे मोठ्या माणसांनाही जमत नाही.

आता लवकरच तो कात टाकेल. डोळे दुधाळ निळे होतील, रंग मळकट दिसेल, कदाचित तेव्हाही खाणार नाही. ते नैसर्गिक आहे, उंदीर वाया घालवू नका. एका डब्याला भोक पाडून आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं एक शेवाळ) भरून ठेवा. डोळे परत स्वच्छ झाले की काही दिवसांत कात निघते. ती सलग, मोज्यासारखी निघाली पाहिजे आणि डोळ्यांवरच्या दोन्ही टोप्या तिच्यातच आल्या पाहिजेत. उजेडात धरून तपासा. टोपी डोळ्यावर राहिली तर नखाने, चिमट्याने काढू नका. दमटपणा वाढवा, पुढच्या कातीबरोबरही नाही निघाली तर मुक्ता ताईंकडे.

भारतवारीचं: तीन आठवडे न खाणं त्याच्यासाठी काहीच नाही. निघायच्या दहा-बारा दिवस आधी शेवटचं जेवण द्या, म्हणजे जाताना पोट साफ असेल. पण पाणी आणि ऊब यांना सुट्टी नाही. विश्वासू शेजारी किंवा मित्र निदान एक दिवसाआड यायला हवा: भांडं धुऊन ताजं पाणी, दोन्ही थर्मामीटर बघून तुम्हाला फोटो, विष्ठा दिसली तर काढणं, आणि काचेचं कुलूप लागलंय ना ते बघणं. खायला घालायचं काम त्याला देऊ नका. व्हेटचा नंबर व्हिवेरियमवर चिकटवा आणि थर्मोस्टॅट बिघडला तर लावायला एक जादा आणून ठेवा, लावायचा कसा ते त्याला एकदा करून दाखवा.

निळाई

शेजारच्या आजी तयार आहेत, फक्त कुलूप आपण उघडणार नाही म्हणतात. त्यांच्या नातवाला शनिवारी बोलावलंय, लेक त्याला सगळं शिकवणार आहे. जादा थर्मोस्टॅट आज मागवला.